नाही म्हणायला जागा

माझ्या मामेसासऱ्यांना 'नाही' म्हणू शकला असा माणूस अख्ख्या अकोल्यात सापडायचा नाही. दरारा वगैरे काही नाही हो, स्वभाव लोण्यासारखा. पण आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला "जेवता का?" विचारणं म्हणजे त्याचा अपमान, "भाकर वाढू का पोळी?" असं विचारायचं. मामाजींनी ही रीत स्वयंपाकघरातून काढून साऱ्या आयुष्याला लावली. मी मुलगी पाहायला गेलो, तर ती आत वळते न वळते तोच यांनी हळदीचं विचारलं, "मंग हयद दिवाळीच्या आंधी का नंतर?" मी हबकून "नंतर" म्हणालो आणि माझं लग्न ठरलं. थांबा नसलेल्या ठिकाणी एसटीच्या कंडक्टरला ते विचारत, "गाडी झाडापाशी थांबवता का पुलापाशी?" आणि गाडी थांबे!

वऱ्हाडात कर लावायचा आणि खर्चायचा अधिकार वऱ्हाडालाच मिळावा, हे त्यांचं तीस वर्षांचं वेड. धारणीच्या रस्त्यावर जीप आदळली की म्हणत, "कर मुंबईले अन् खड्डे आपल्याले." त्यामुळे अमरावतीच्या मंडळींनी यावर जनमत घ्यायचं ठरवलं, गावोगाव पेट्या ठेवायच्या ठरल्या, तेव्हा प्रश्न लिहायचं काम मामाजींकडेच आलं. त्यांनी अमरावतीच्या बैठकीत वाचून दाखवलं, "वऱ्हाडाने आपला कर यंदापासून लावावा की पुढच्या वर्षापासून?" टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक कापडवाले चाचा उठले. "मामासाब, ज्याले मंजूर नाई त्यानं ठप्पा कुठं मारायचा जी?"

मामाजींचा चेहराच उतरला. "नाई काहून म्हणन कोणी?" त्यांना हे खरंच कधी सुचलं नव्हतं. अकोल्याला घरी येताच त्यांनी नवा कागद घेतला, साधा प्रश्न लिहिला, खाली दोन चौकोन काढले, 'हो' आणि 'नाही', आणि समजतो का पाहायला मामींपुढे ठेवला. मामींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि शांतपणे 'नाही'वर खूण केली.

मामाजींनी कागद उचलून ती खूण जवळून पाहिली. "तुले पटत नाई?"

"नाई. कर घेणारे तुमच्यासारखेच असतीन. यंदा देता का पुढच्या साली, असंच इचारतीन. मंग नाई कोनाले म्हनावं?"

"तीस वर्सांत बोल्ली नाई कधी!"

"तुमी इचारलं कधी?"

तीस वर्षांचं स्वप्न त्या एका चौकोनापायी बुडू शकतं, हे मामाजींना कळत होतं. तो चौकोन खोडायला त्यांना कोणी अडवलंही नसतं. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हाती दिली. "असाच छापाले द्या, जावईबापू."

मी चपला घालत होतो तेव्हा ते मामींच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच त्यांना काहीतरी विचारलं; 'हे का ते' मात्र माझ्या कानावर आलं नाही. मामी विचार करत राहिल्या. मामाजी वाट पाहत होते, थोडे घाबरलेले.