दातांनी इंजिन ऐकणारे पास्कोलकाका

इंजिनाचा आवाज पास्कोलकाका दातांनी ऐकत. लाकडी दांडीचं एक टोक चालत्या इंजिनावर, दुसरं दातांत, डोळे मिटलेले. पाचूबंदरच्या मासेमारी बोटींची इंजिनं त्यांनी जन्मभर अशीच तपासली. मी विरारच्या फ्लॅटमधली इंजिनिअर. सेन्सर आणि लॅपटॉप घेऊन पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी आधी चहा पाजला आणि मग विचारलं, "या यंत्राला दात हायेत का, बाय?"

मग मी सगळं पुराण सांगितलं. इंजिनाची थरथर म्हणजे अनेक कंपनांची सरमिसळ, संगणक प्रत्येक कंपन त्याच्या वारंवारतेप्रमाणे वेगळं काढतो, वगैरे. काका म्हणाले, "म्हंजे जाल्यातला म्हावरा निवडतात तसा. बोंबील एका पाटीत, मांदेली दुसऱ्या. मग नासका कुठला ते कलतं." आमच्या प्राध्यापकांना एवढ्यासाठी अख्खं सत्र लागलं होतं.

मोसमाच्या पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी एका बोटीच्या आलेखात, अगदी वरच्या वारंवारतेला, एक बारीक टोक दिसलं. गिअरबॉक्सचं बेअरिंग जातंय, असं मी सांगितलं. नाखवा वैतागला. बर्फ भरलेला, सहा खलाशी तयार. गिअरबॉक्स खोलायचा तर दोन दिवस गेले, आणि न खोलता बेअरिंग भर समुद्रात गेलं तर बोट लाटांच्या हवाली.

"काका सांगतील तसा करू," तो म्हणाला.

काकांनी दांडी दातांत धरली. बराच वेळ. "मला कायच ऐकू येत नाय."

नाखवा खूश झाला, माझं तोंड उतरलं. पण काका तिथून हलले नाहीत. "चर्चात मिस्साला बारीक घंटी वाजते ना, तीबी मला ऐकू येत नाय. लोकं गुडघे टेकतात ते बघून मी टेकतो. दोन वर्सं झाली, कोनाला बोललो नाय. बाय सांगते ते खरा असंल. खोल गिअरबॉक्स."

खोलला. बेअरिंगच्या कड्यावर कणीएवढा खड्डा निघाला.

त्यानंतर नाखवे मला बोलावू लागले आणि काकांकडचं काम आटत गेलं. असं होणार हे त्यांना बोलतानाच ठाऊक असणार. गेल्या वर्षी ते गेले. या किनाऱ्यावर माझ्या शब्दाला जी किंमत आहे, ती त्यांनी दिलेली आहे, आणि हे ऋण मी मानते. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, "काका, तुम्ही गप्प राहिला असतात तरी चाललं असतं."

"मला चाललं असतं, बाय," ते म्हणाले. "बोटीत सहा मानसा जायची व्हती."