खडी गंमत, पाच टेराबाइट

बायकोने नोकरीतल्या बहुतेक सुट्ट्या पारशिवनीकडच्या गावांत खडी गंमतीचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, प्रयोग चित्रित करण्यात घालवल्या. त्यातले बरेच शाहीर आता नाहीत, आणि लुगडं नेसून गावाला हसवणारे नाचे काठी टेकत चालतात. हे सगळं, साडेचार टेराबाइट, एकाच डिस्कवर होतं. दुसरी प्रत नव्हती. मे महिन्यात ती डिस्क टकटक करू लागली.

"मरून राहिली का हे?" बायकोने विचारलं. मी रिकाम्या डिस्क शोधायला उठलो. तिला ते उत्तर पुरलं.

घरात तीन डिस्क रिकाम्या होत्या : दोन, तीन आणि चार टेराबाइटच्या. त्या घेऊन सदरमधल्या एका दुकानात गेलो. तिथे काचेच्या केबिनमध्ये टाय लावलेले सल्लागार बसतात. मे महिन्यात नागपुरात टाय लावणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो, विश्वास वाटत नाही. त्यांनी सांगितलं, तिन्हींचं मिळून 'रेड' करता येतं. माहिती अशी वाटून ठेवायची की एक डिस्क मेली तरी उरलेल्या दोघी तिचा वाटा हिशेबाने परत काढतात. "पण सर, डिस्क एकसारख्या पाहिजेत. नाहीतर सगळ्यांचं माप सगळ्यात लहानीएवढं." म्हणजे पंगतीत सगळ्यात कमी जेवणाऱ्याच्या पोटाएवढंच सगळ्यांना वाढायचं. तिन्हींचे दोन-दोन, त्यातले दोन राखणीला. हाती उरले चार. साडेचार त्यात मावत नाहीत. मग त्यांनी 'एंटरप्राइज सोल्यूशन'चं गुळगुळीत माहितीपत्रक दिलं. त्यावर दोन गोरी माणसं एका कपाटाकडे पाहून हसत होती.

घरी येऊन वाचत बसलो. टायवाले खोटं बोलले नव्हते, अर्धं बोलले होते. डिस्कचे तुकडे करता येतात, आणि रेड तुकड्यांचंही होतं. प्रत्येकीतून दोनचा तुकडा घेतला, त्यांचं पहिलं रेड झालं : चार. उरले तीनवालीवर एक, चारवालीवर दोन. त्या दोनाचे मी दोन तुकडे केले. झाले एकसारखे तीन तुकडे! त्यांचं दुसरं रेड : आणखी दोन. एकूण सहा. संगणकाने हूं की चूं केलं नाही.

बायको मेथी निवडत होती. तिला मी हे विजयी मुद्रेने समजावलं.

"ते मागचे तीन तुकडे कोणत्या कोणत्या डिस्कवर हायेत?"

"एक तीनवालीवर, दोन चारवालीवर."

"म्हणजे एकाच घरचे दोन साक्षीदार? घर पडलं त दोघंही दबले. मंग सांगन कोण?"

तिची हयात जमिनींच्या खरेदीखतांच्या नोंदणीत गेलेली. चारवाली मेली असती तर तीनपैकी दोन तुकडे एकदम गेले असते, आणि उरलेल्या एकाला काहीच सांगता आलं नसतं.

दुसरं रेड मोडलं. तीनवालीवरचा एक आणि चारवालीवरचा एक, एवढेच घेऊन दोन्हींवर सारखीच प्रत ठेवली. त्यातून एक मिळाला. चार आणि एक पाच. चारवालीवर एक टेराबाइट रिकामा राहिला.

"राहू द्या पडीक," बायको म्हणाली.

मग जुन्या डिस्कवर टेबलफॅन सोडला आणि एकेक गाव उतरवून घेतलं. ती टकटकत राहिली, अडली, पुन्हा चालली, पण शेवटचा प्रयोगही उतरला. ती पुरती मरायच्या आत नव्या मांडणीची परीक्षा घ्यायची, असं ठरलं. मी आधी दोनवाली काढणार होतो. बायकोने चारवालीलाच हात घातला.

"अवं, तिच्यावर सगळ्यात जास्त हाय."

"म्हणूनच."

पडद्यावर प्रयोग चालू होता. तिने वायर उपसली. कोपऱ्यात लाल इशारा आला. ढोलकीचा एक ठोका चुकला नाही, शाहिराचं वाक्य मध्ये तुटलं नाही, प्रेक्षकांतल्या बाया हसत होत्या तशा हसत राहिल्या. मी छाती भरून उभा राहिलो आणि दोन शब्द बोलायला घसा खाकरला.

"भाषण मंग करजा," बायको म्हणाली. "अगोदर बाजूले सरा. नाचा दिसून नाही राहिला."