सुशीलाच्या प्लेटवरचं कडं

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी चपला घालून चालता होतो, आजही. माझं सगळं आयुष्य लॅबमध्ये गेलं. तेव्हा हे वाचून कृपा करून कुणी अंगारा घेऊन दारात येऊ नये...

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. नगरच्या एका मिशन दवाखान्यात मी लॅब असिस्टंट होतो आणि माझी बायको सुशीला बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. तिथं नवजात बाळांच्या अंगावर पाण्याचे फोड यायला लागले, कातडी सोलून निघायची. नेवाशाकडच्या एका बाईचं बाळ त्यातच गेलं. वॉर्डातलंच कुणीतरी हे जंतू नाकात बाळगून आहे, असा डॉक्टरबाईंचा संशय. मग सगळ्या नर्सच्या नाकातले नमुने मी मेंढीचं रक्त घातलेल्या काचेच्या प्लेट्सवर लावले, जंतू वाढतात का बघायला. जंतू विष सोडत असले की भोवतीचं रक्त फुटतं आणि लाल प्लेटवर स्वच्छ कडं दिसतं.

कडं एकाच प्लेटवर आलं — सुशीलाच्या. बाईंनी आणि मी, दोघांनी खिडकीशी धरून पाहिलं. बाई तिला बोलवायला गेल्या, मी तिथंच बसून राहिलो. तिला घेऊन आल्या, प्लेट उचलली... आणि कडं गायब. जंतूंचे ठिपके जागच्या जागी, भोवती रक्त लालभडक. अहो, फुटलेलं रक्त परत जुळतं का कधी?

"सॅमसन, प्लेट बदललीस?"

"देवाशपथ बाई, हात लावला नाही."

काचेवर नाव त्यांच्याच अक्षरात होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि स्टुलावर बसल्या.

परत तपासलं, कडं नाहीच. बाई तिला म्हणाल्या, कामावर ये. पण सुशीला त्या वॉर्डात परत गेली नाही. पुढं फोड थांबले. त्याच दिवसांत वॉर्ड धुऊन चुना मारला होता — त्यानं थांबले की ही वॉर्डातून निघाली म्हणून, कोण सांगणार?

नंतर आमची मुलगी झाली. तिला अंघोळ माझी आई घालायची. सुशीला पाजताना नाकातोंडाला पदर बांधून बसायची, मला बघवायचं नाही. एकदा तशीच बसली असताना म्हणाली, "अहो, खरं सांगा. कडं हुतं का न्हवतं?"

काय सांगू? ते कुठं गेलं हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळलेलं नाही. मी म्हणालो, "नव्हतं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर आणखी घट्ट केला आणि पोरीला माझ्या आईच्या हातात दिलं.