एकादशीचं रक्त

आमचे बाबा अमरावतीच्या कोर्टात वकील. दारूला ते उभ्या जन्मात शिवले नव्हते, तरी डोळे पिवळे पडले, यकृत बिघडलं आणि वकीलमित्रांनी पुराव्यावाचून त्यांना दारुडे ठरवून टाकलं. म्हणून रक्त तपासायचं ते अकोल्यात. अमरावतीत तपासलं असतं तर संध्याकाळपर्यंत पट्टेवाल्यालाही निकाल कळला असता.

तिथल्या जठारपेठेतले डॉक्टर नव्या दमाचे होते. त्यांनी सांगितलं, "शरीराची राखण करणारी फौजच कधीकधी यकृतावर उलटते. तसं असलं तर रक्तात काही प्रथिनं वाढतात, ती नळीत गढूळ होऊन दिसतात. दिसली तर नव्या गोळ्या सुरू करू. फक्त रक्त द्यायला उपाशीपोटी या."

ठरल्या दिवशी आई, बाबा आणि मी पहाटेच बडनेरा स्टेशनावर अकोल्याच्या गाडीत बसलो. अकोल्यात डॉक्टरांनी रक्तावरचं पिवळसर पाणी ओव्यासारख्या वासाच्या औषधात टाकलं आणि अर्धा तास थांबले. नळी ताकासारखी गढूळ झाली. त्यांनी बाबांना विचारलं, "काही खाल्लं होतं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

"यांच्या पोटात अन्नाचा कण नाई," आईनं दुजोरा दिला. "एकादशी हाय ना आज. निघताना वाटीभर साबुदाण्याची खिचडी दिली, तेवढीच. वरून तूप."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तुपानंही नळी गढूळ होते. आता हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा या, फराळही न करता."

परतीच्या गाडीत बाबांचा युक्तिवाद सुरू झाला. पुरावाच दूषित, तेव्हा संशयाचा फायदा आरोपीला. आरोपी म्हणजे त्यांचं यकृत, आणि न्यायाधीशही तेच, त्यामुळे बडनेरा यायच्या आत ते निर्दोष सुटलं. घरी नातेवाईक अभिनंदनाला आले. आपल्या स्वयंपाकावरचा आळ इतक्या आनंदानं मिरवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. "माह्या हातचं तूपच तसं," आई येईल त्याला सांगे.

सोमवार गेला. त्यामागून आठ महिने गेले. बाबांच्या पायांवर सूज आली, पोट वाढलं, तेव्हा कुठे आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. या खेपेला बाबांनी आदल्या दुपारपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि ते त्यांनी डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं. नळी पहिल्यापेक्षाही गढूळ झाली.

"सोमवारी बोलावलं होतं मी," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा गोळ्या सुरू झाल्या असत्या तर बरंच वाचलं असतं. काहून नाही आले?"

साक्षीदाराला बोलायची उसंत न देणारे बाबा सदऱ्याची बाही खाली ओढून बटण लावू लागले. मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, तो अजून गेलेला नाही.

त्या सोमवारसाठी आईनं पिशवी भरून ठेवली होती. बाबा नको म्हणाले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण कॉलेजात विज्ञान शिकणारा घरात मी एकटा. तुपानं नळी गढूळ होते म्हणून आजार नाही असं होत नाही, एवढं मला नक्की कळत होतं. मी म्हणालो, "राहू दे आई. खिचडीच असन." आणि पिशवीतले बाबांचे कपडे काढून मीच कपाटात ठेवले.