कडबाकुट्टीचा दांडा

शी! त्या जळक्या ऑइलचा वास आठवला तरी अजून नाकाला पदर जातो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पिंपळवंडीला आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात एक कडबाकुट्टी होती. मोटारीवर चालणारी, बेल्ह्याकडच्या कुणाकडून तरी जुनी आणलेली. एका बाजूने मका, घास, उसाचे वाढे घालायचे, दुसऱ्या बाजूने बारीक कुट्टी बाहेर पडायची. वैरण घालायचं काम माझं आणि दुरुस्तीचं काम आमच्या ह्यांचं. मेकॅनिकला बोलवायचं म्हणजे जसं काही घराण्याची अब्रूच जाणार होती. "घरच्या घरी व्हतंय, कशाला कुणाचे पाय धरायचे?" हे ह्यांचं ठरलेलं.

घरच्या घरी म्हणजे माझ्या घरात आणि माझ्याच जिनसांनी! माझी सांडशी पकड म्हणून गेली ती गेलीच. पात्यांना कानस मारून झाली की काळे हात दूध गाळायच्या फडक्याला पुसायचे. मोटारसायकलचं काढलेलं ऑइल एका डब्यात साठवायचे आणि तेच मशीनला पाजायचे. ते ठिबकायचं थेट कुट्टीवर. गाय हुंगायची, फुर्र करून तोंड फिरवायची. गाईला कळत होतं, ह्यांना कळत नव्हतं. एकदा पट्ट्याच्या जाळीमागं उंदीर मरून सडला, तर हे म्हणतात, पट्टा तापल्याचा वास आहे. शेवटी मीच नाकाला पदर लावून तो बाहेर ओढला. पिलपिलीत, अळ्या पडलेला. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. हे मात्र दोन भाकरी हाणून ढेकर देत उठले.

हेही सोसलं असतं मी. पण दांडा मोडला.

कडबाकुट्टीच्या बाजूला एक दांडा असतो. वैरणीबरोबर भलतंच काही आत ओढलं जायला लागलं की तो मागं घ्यायचा, मग वैरण आत ओढणारे रोलर उलटे फिरतात आणि आत गेलेलं बाहेर येतं. हात वाचवायला तेवढाच उपाय, कारण मोटारीचं बटण पार दाराजवळच्या भिंतीवर. तो दांडा मोडल्यावर ह्यांनी काय करावं? त्याचा राहिलेला तुकडा बाइंडिंगच्या तारेने करकचून बांधून टाकला, रोलर कायम पुढंच फिरतील असा.

"लई भारी काम झालं. आता सटकायचा न्हाई."

"अहो, पण मागं घ्यायची वेळ आली तर?"

"येळच येऊ द्यायची न्हाई. ध्यान ठिवून काम करावं मानसानं."

ती वेळ आलीच. पारगावचा साखर कारखाना सुरू होता, वाढ्यांचे भारे गोठ्यात येऊन पडत होते. घालता घालता वाढ्यांच्या पानांत माझा पदर गुंतला आणि रोलरखाली गेला. मी ओढली गेले, तोंड पार मशीनच्या पत्र्यावर टेकलं. लुगडं जुनं, विरलेलं होतं म्हणून फाटलं आणि मी सुटले. मागं जाऊन पडले ती शेणातच. हे आले, फाटका पदर बघितला आणि म्हणाले, "पदर खोचत जा की जरा!"

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. तेव्हापासून मी रोज एकच सांगायची, दांडा करून घ्या. हे रोज म्हणायचे, करतो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, ह्यांचं 'करतो' काही संपेना. मी रोज देवाचं नाव घेऊन त्या रोलरपुढं हात न्यायची.

मग खंडेनवमी आली आणि ह्यांना कोण उत्साह! मशीन घासलं, पुसलं, हिरवा रंग दिला. अहो, त्या तारेलासुद्धा रंग दिला! वर झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"ये, ओवाळ," मला म्हणाले.

"आणि दांडा?"

"सणासुदीचं काय अभद्र बोलती?"

सणाला भांडण नको म्हणून ओवाळलं. पण ती हिरवी तार बघून असं वाटलं, त्याच हारावर ओकावं.

त्या दिवशी अवजारांना विश्रांती, म्हणून मशीन बंद होतं. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी ओट्यावर बसले ती बसलेच. गोठा तिथून समोर दिसायचा.

"आज वैरण तुम्ही घाला," मी म्हटलं.

"मी?"

"मग? तुमच्याच हातची दुरुस्ती हाय ना!"

सासूबाई शेजारी सुपात तांदूळ पाखडत होत्या. गाई हंबरायला लागल्या, तसे हे पुटपुटत उठले.

ह्यांनी बटण दाबलं, मक्याचा भारा उचलला आणि मशीनपुढं उभे राहिले. जरा वेळ रोलरकडं बघत राहिले. मग भारा खाली ठेवला, गोठ्याच्या आढ्यातली एक लांब काठी ओढून काढली, चांगले मागं सरकले आणि काठीने मका आत ढकलायला लागले.

मी ओट्यावरून ओरडले, "काठी कशाला?"

मशीनच्या आवाजात तेही ओरडले, "अगं, हात जाईल की माझा!"

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्या उठून गोठ्याच्या दारात गेल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

"आन् तिचा रं? तिचा हात काय लाकडाचा हाय व्हय?"

ह्यांनी काठी परत आढ्यात खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिकला मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. त्याने तार कापली, नवा दांडा बसवला, मागं-पुढं करून दाखवला आणि चहा घेऊन गेला. एवढंसंच काम होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण चहाचे कप विसळताना मला ह्यांची शिसारी आली.