पहिल्या ओळीतली कंपनी

ऑफिसात त्यांना सगळे खुंटाकाका म्हणत. एकतीस वर्षांत सहा कंपन्या आल्या आणि गेल्या, काका मात्र खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत. एकीने दुसरीला गिळलं, तिसरीने दोघींना विकत घेतलं, चौथीने नकोसं झालेलं बाजूला काढून पाचवी थाटली, ती सहावीने घेतली. दर वेळी गळ्यातलं ओळखपत्र बदललं. फोटो तोच राहिला, डोक्यावरच्या केसांसकट. "काडीची धडपड न करता सहा कंपन्यांचा अनुभव गाठीला बांधलाय मी," असं काका सांगत आणि आधी स्वतःच हसत.

काम एकच. विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर, म्हणजे कपाटाएवढ्या संगणकांवर, रोजची कामं ओळीने लावून देणारा एक प्रोग्राम सांभाळायचा. त्याच्या अहवालाच्या पहिल्या ओळीत अजून पहिल्याच कंपनीचं नाव येई. ती कधीच नाहीशी झाली होती. पण गिऱ्हाइकांचे प्रोग्राम ते नाव दिसल्याशिवाय पुढे हलत नसत, म्हणून काका प्रत्येक नव्या साहेबाशी भांडून ते तसंच ठेवत.

यंदा पुन्हा वाटणी निघाली. कोण कुठल्या कंपनीत जाणार, याच्या दोन याद्या लागल्या. काका दोन्हींत नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्याच दुपारी नव्या मॅडम म्हणाल्या, "त्या पहिल्या ओळीत आपलं नवीन नाव टाका."

"लगेच टाकतो," काका म्हणाले. यादीत जागा मिळावी म्हणून त्यांनी एकतीस वर्षांची अक्कल गहाण टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ विमा कंपन्यांचं काम ठप्प झालं.

"असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"यादीत नव्हतो, मॅडम. घाबरलो."

काकांनी जुनं नाव परत बसवलं आणि दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग मॅडमनी तिसरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. ती नव्या कंपनीकडे जाणाऱ्या सामानाची यादी होती, पहिल्या दिवसापासून फाइलीत पडलेली. प्रोग्राम, एक. माहितीपुस्तिका, चौदा. सांभाळणारा माणूस, एक.

घरी काकांनी बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला सामानात धरलं?"

"सामानात तर सामानात," काका म्हणाले. "धरलं ना."