तीन पायांचा एल्क

ओरिन नानकेर्विसच्या बैठकीत बसलं, की भिंतीवरची जनावरं आपल्याकडे बघत. अस्वलं, डोंगरी मेंढे, मान वळवलेली मोठ्या शिंगांची एल्क हरणं. सगळी जुन्या रायफलींच्या पोलादी बाजूंवर हातानं कोरलेली. चापाभोवतीची कडी खाली ओढून गोळी चढवायची, त्या जातीच्या रायफली. ब्यूट ह्या आमच्या खाणींच्या गावात लोक हसत. उभा जन्म खाणीत गेला, लग्न केलं नाही, आणि आता पेन्शन लोखंडात घालतो म्हणत.

मी त्याची शेजारीण. माझा नवरा खाणीत त्याच्याच पाळीला असायचा. पुढे धुळीनं ओरिनची छाती निकामी झाली, तेव्हा बंदुकांच्या बाजाराला त्याला मीच गाडीतून नेऊ लागले. तेव्हा कळलं, की हा माणूस काही जमवत नव्हता. एकच रायफल शोधत होता. बाकीच्या वाटेत भेटलेल्या.

मग त्या विकून का टाकत नाहीस, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, ह्यांचीही कुणी वाट बघत असेल, मालक आला तर दाखवायला नकोत? त्यांचे मालक मरून जमाना लोटला होता.

तो शोधत होता ती आजोबांची रायफल शेवटची थोरल्या भावाच्या, वेस्लीच्या, हातात होती. तरुणपणी दोघं नोव्हेंबरात बिग होलच्या रानात शिकारीला गेले होते. ओरिनचे बूट भिजले. वेस्ली म्हणाला, तू इथंच थांब, मी कड्यापर्यंत जाऊन येतो. बर्फ सुरू झालं. ओरिन थांबला. शोधायला आलेली माणसं त्याला उचलून नेऊ लागली, तेव्हाही तो जायला तयार नव्हता. वसंतात बर्फ वितळलं. वेस्ली सापडला नाही, आजोबांची रायफलही नाही. ती मिळाली, तर वेस्लीचं काय झालं ते कळेल, हे त्याचं साधं गणित होतं. आता छातीतला वारा संपत आला होता, आणि गणित तसंच पडून होतं.

रायफलीचा नंबर कुणी लिहून ठेवला नव्हता. खूण एकच. आजोबांनी एका फिरत्या कारागिराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून तिच्यावर एल्क कोरून घेतला होता. तीन पाय झाल्यावर कारागीर दारू प्यायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. एल्क तीन पायांवर राहिला.

फेब्रुवारीत डिलनच्या बाजारात एका जाड्या माणसाच्या टेबलावर आजोबांच्या होती तशाच घडणीची एक रायफल दिसली. त्यानं ती पॉलिशच्या चाकावर धरून आरशासारखी घासली होती, बाजूवर एकही रेघ उरली नव्हती. जुन्या पोलादावरचा काळपटपणा म्हणजे त्याचं वय. संग्राहक त्याला हातही लावत नाहीत. असं घासणाऱ्याला ओरिन भर बाजारात खाटीक म्हणायचा. त्या दिवशी त्यानं, कुठे मिळाली, एवढंच विचारलं.

"माझ्या सासऱ्याला, बिग होलकडे. कड्याखालच्या कपारीत."

"शेजारी काही होतं?"

"काही नव्हतं. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली होती म्हणे. कुणी आत्ताच ठेवून गेल्यासारखी."

ओरिननं घासाघीस न करता ती घेतली. गाडीपर्यंतच्या चिखलात त्याचे बूट भिजले. त्याच्या घरी आल्यावर मी ते शेगडीमागे वाळत ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मांस-बटाटा भरून भाजलेल्या पेस्ट्या घेऊन गेले. रायफल टेबलावर होती, त्या गुळगुळीत पोलादाकडे ओरिन बघत बसला होता. झिजलेल्या कोरीव कामावर हलका श्वास सोडला, की वाफेत रेघा क्षणभर वर येतात. ते मला त्यानंच शिकवलं होतं. त्याला स्वतःला आता खोकल्यामुळे ते जमेना.

"हेल्मी, तू फुंक. नाही, फुंकू नकोस. हा कर."

मी वाकले आणि हा केलं. आधी पाइनची झाडं आली. मग शिंगं, मग पाठ. मी पाय मोजले.

"तीन," मी म्हणाले.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"म्हातारबा, तीनापर्यंत मोजता येतं मला."

वाफ विरली. पोलाद पुन्हा कोरं झालं. मी पेस्ट्या ताटात काढायला शेगडीकडे वळले. मागे ओरिनची खुर्ची कुरकुरली, म्हणून वळून पाहिलं.

पोलादावर वाफ परत येत होती. ओरिनच्या तोंडावर रुमाल होता, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. थंड लोखंडाला उबेत घाम येतो, तसंही नव्हतं. रायफल कालपासून ह्याच उबदार खोलीत होती. वाफ कडेकडून मध्याकडे सरकली, एल्क उमटला, विरला. जरा वेळानं पुन्हा. चढ चढून आलेल्या माणसाला दम लागावा, तशी.

ओरिननं रुमाल खाली ठेवला.

"थांबलोय, वेस," तो म्हणाला. "इथंच आहे."

मग माझ्याकडे न बघता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "हेल्मी, माझे बूट वाळले का बघ जरा."

मी शेगडीमागे हात घालून पाहिलं. बूट कोरडे होते, आतून उबदारही. मी तशीच वाकून राहिले. वाळले म्हटलं, की तो निघणार होता.